ओन्नागाताची प्रिंट समोर आली की आधी कपाळ बघा

दोन वर्षं माझ्या टेबलासमोर एक पोस्टकार्ड टाचणीने लावलेलं होतं. मावसबहीण टोकियोला गेली होती, तिने आणलेलं. गोल चेहऱ्याची, जरा वय झालेली बाई, हनुवटीखाली मांसाची वळी, बारीक डोळे, मागे काळपट चमकणारी पार्श्वभूमी. मी रोज तिच्याकडे बघायचे आणि माझी खात्रीच होती की ही कुठल्यातरी मोठ्या घरातली बाई आहे आणि मनात काहीतरी दाबून ठेवलंय तिने. एकदा कार्डाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं तर नाव पुरुषाचं! इवाई हानशिरो चौथा, शिगेनोई नावाच्या दाईच्या भूमिकेत, चित्रकार शाराकू, साल १७९४. परत चेहरा बघितला आणि मग दोघं दिसायला लागले, ती बाईपण आणि तो नटपण. तेव्हापासून मला या चित्रांचं, म्हणजे जपानी नाटकांत बायकांची कामं करणाऱ्या पुरुष नटांच्या (त्यांनाच ओन्नागाता म्हणतात) लाकडी ठशाच्या प्रिंट्सचं वेडच लागलंय, आणि आता कोणीही नवीन माणूस विचारतो की कुठून सुरुवात करू, तेव्हा मी जे सांगते ते सगळं इथे लिहून ठेवते.

आधी थोडी पार्श्वभूमी, लवकर उरकते

काबुकी, म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक, सुरू केलं ते एका बाईनेच, इझुमो नो ओकुनी तिचं नाव, क्योतोमध्ये १६०३ च्या सुमारास. पण १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर यायला बंदी घातली, मग कोवळ्या वयाची मुलं बायकांची कामं करायला लागली, तर १६५२ मध्ये त्यांच्यावरही बंदी आली. उरले मोठे पुरुष. त्यांच्यातले जे आयुष्यभर बायकांच्याच भूमिका करायचे ते ओन्नागाता. आपल्याला हे समजायला अवघड जायला नको, आपल्याकडे 'स्त्रीपार्टी' हा शब्दच होता, आणि बालगंधर्वांचं नेसणं, त्यांचे दागिने बघून घराघरातल्या बायका तशा नटायच्या हे आजीकडून ऐकलेलं असतंच. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, अगदी हेच चाललं होतं, फक्त दीडशे-दोनशे वर्षं आधी.

आणि नट लोकप्रिय म्हटला की त्याचं चित्र विकलं जाणार. ही चित्रं म्हणजे एकाच माणसाचं काम नाही हे पहिल्यापासून डोक्यात ठेवा. चित्रकार कागदावर रेखाटन करून द्यायचा, ते चेरीच्या लाकडावर कोरणारा कारागीर वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसा घालणारा, दुकानात विकणारा प्रकाशक वेगळा. १७६५ पासून खऱ्या अर्थाने बहुरंगी छपाई सुरू झाली, त्यात प्रत्येक रंगाला साधारण एक वेगळा ठोकळा लागायचा आणि सगळे रंग एकमेकांवर बरोब्बर बसावेत म्हणून ठोकळ्याच्या कोपऱ्यात खाच ठेवायचे. नाटक लागलं की चित्र बाजारात, आणि किंमत साध्या माणसाला परवडेल इतकी.

पहिली पायरी : कपाळ

सगळ्यात महत्त्वाचं हेच. बाईचं चित्र दिसलं की भांग जिथे सुरू होतो तिथे बघायचं, कपाळ आणि केस यांच्या मधोमध. तिथे जांभळ्या कापडाचा छोटा तुकडा दिसतोय का? दिसला तर समोर बाई नाही, ओन्नागाता आहे.

यामागची गोष्ट अशी की मुलांवर बंदी आली तेव्हा नटांना अट घातली गेली की मोठ्या पुरुषांसारखं डोक्याचा पुढचा भाग भादरायचा, कपाळावर बटा ठेवायच्या नाहीत. त्या काळात पुढच्या केसांतच सगळं सौंदर्य मानलं जायचं, ते गेलं तर बाई दिसणार कशी. मग त्यांनी त्या भादरलेल्या जागेवर जांभळं रेशमी कापड ठेवायला सुरुवात केली. त्याला मुरासाकी बोशी म्हणतात, मुरासाकी म्हणजे जांभळा. झाकायला आणलेलं कापड पुढे इतकं सुंदर वाटायला लागलं की चांगले टोप आल्यानंतरसुद्धा ते राहिलंच. म्हणजे बघा, हा तुकडा एकाच वेळी सांगतो की इथे पुरुषाचं डोकं आहे आणि इथे बाई उभी आहे. मला अजूनही प्रत्येक वेळी तो दिसला की आनंद होतो.

आता एक अडचण, आणि नवीन माणूस हमखास इथे चुकतो. तुम्ही जांभळा शोधाल आणि जुन्या चित्रात तिथे मळकट तपकिरी किंवा राखाडी ठिपका दिसेल. तोच तो. अठराव्या शतकातला जांभळा बहुतेकदा दोन वनस्पतींच्या रंगांतून यायचा, लाल करडईच्या फुलांतून, हो आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडची करडई तीच, आपल्या कविता-गाण्यांतला कुसुंबी रंगही तिचाच. आणि निळा एका छोट्या निळ्या रानफुलातून, आपल्याकडे पावसाळ्यात शेतात तण म्हणून जो केना उगवतो ना, त्याच्याच कुळातलं ते फूल. दोन्ही रंग उजेडाला फार नाजूक, निळा तर ओलाव्यालाही, त्यामुळे जांभळा उडून जातो आणि मागे फिकट तपकिरी उरतो. म्हणून रंगावर न जाता जागेवर जा आणि आकारावर जा.

आणि उलटंही खरं आहे, कापड दिसलं नाही म्हणजे ओन्नागाता नाहीच असं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी चित्रांत ते नसतं, तेव्हा पुढच्या पायऱ्या लागतात.

दुसरी पायरी : बाही आणि कापडाची नक्षी

प्रत्येक नट घराण्याचं एक चिन्ह असायचं आणि ते कपड्यावर, बहुतेक वेळा बाहीवर, छापलेलं असतं. सुरुवातीला दोनच पाठ करा. इवाई हानशिरो घराण्याचं चिन्ह म्हणजे वर्तुळात तीन पंखे. सेगावा किकुनोजो घराण्याचं म्हणजे मधोमध बांधलेली रेशमी कापसाची गड्डी, त्याला युइवाता म्हणतात. ओन्नागातांची ही दोन मोठी घराणी, एवढ्यावरच तुम्ही खूप चित्रं ओळखायला लागाल.

नक्षीचं मात्र जरा सविस्तर सांगते कारण इथे खरी मजा आहे. सानोगावा इचिमात्सु नावाचा देखणा तरुण नट होता, त्याने १७४१ मध्ये एका भूमिकेत दोन रंगांच्या चौकड्यांचं वस्त्र घातलं आणि ते इतकं गाजलं की जपानीत त्या नक्षीला आजही इचिमात्सुच म्हणतात. टोकियो २०२० ऑलिंपिकचं बोधचिन्ह आठवतंय? निळ्या चौकोनांचं? त्याची मूळ कल्पना हीच नक्षी. सेगावा घराण्यातला दुसरा किकुनोजो हायकू लिहिताना रोको हे टोपणनाव वापरायचा, तो ज्या हिरवट तपकिरी रंगाचे कपडे घालायचा त्या रंगाला रोकोचा असंच नाव पडलं, चा म्हणजे चहा, चहाचा रंग. आणि १८०९ मध्ये पाचव्या हानशिरोने भाजीवाल्याची मुलगी ओशिची रंगवताना फिकट निळ्यावर भांगेच्या (हेंपच्या) पानांची चांदणीसारखी नक्षी घातली, ती एदोतल्या पोरींनी उचलली आणि पुढे ओशिची म्हटलं की तीच नक्षी असं समीकरण झालं. म्हणजे बायकांनी काय नेसायचं, कोणता रंग चालतो, हे बाईचं काम करणारे पुरुष ठरवत होते, आणि त्या बायकांपर्यंत हे पोचत होतं या छापील चित्रांमधून. म्हणून कपडे बघताना घाई करू नका, बऱ्याचदा खरा विषय कपडाच असतो.

तिसरी पायरी : लिहिलेलं

जपानी येत नसलं तरी घाबरू नका. चित्रावर साधारण तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, नटाचं नाव, भूमिकेचं नाव, आणि चित्रकाराची सही. सहीच्या शेवटी बहुतेक वेळा 'गा' किंवा 'हित्सु' असं एक अक्षर असतं, म्हणजे 'यांनी काढलं', ती दोन अक्षरं ओळखायला शिकलात की सही सापडली. फोनमधलं भाषांतर या जुन्या वळणाच्या अक्षरांत खूप चुकतं, त्याच्यावर विसंबू नका.

इथे दोन खड्डे आहेत. एक म्हणजे नटाचं नाव गादीसारखं पुढे जातं. हानशिरो चौथा १८०० मध्ये गेला, पाचवा १८४७ मध्ये, पण चित्रावर चौथा-पाचवा असं सहसा लिहिलेलं नसतं, फक्त इवाई हानशिरो. चित्र कोणत्या काळातलं यावरून माणूस ठरवायचा. दुसरा खड्डा चित्रकाराच्या नावात. तोयोकुनी हा मोठा चित्रकार १८२५ मध्ये वारला, त्याचा शिष्य कुनिसादा याने १८४४ पासून गुरूचं नाव घेतलं आणि १८६५ मध्ये मरेपर्यंत ढिगाने चित्रं काढली. त्यामुळे तोयोकुनी अशी सही दिसली की लगेच 'अठराव्या शतकातलं' म्हणून उड्या मारू नका, लांबट चौकटीत सही असेल तर बहुतेक तो कुनिसादाच.

चौथी पायरी : शिक्के

छोटे शिक्के दुर्लक्षित राहतात पण काळ ठरवायला त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही. १७९० पासून छापायच्या आधी मंजुरी घ्यावी लागायची, त्याचा छोटा गोल 'किवामे' शिक्का. तो दिसला तर चित्र साधारण १७९० ते १८४२ मधलं. १८४२ मध्ये सरकारने काटकसरीच्या नावाखाली नटांची चित्रंच बंद केली, आणि नाटकगृहं शहराच्या कडेला असाकुसाकडे हलवली. काही वर्षांनी चित्रं परत आली पण नटाचं नाव न लिहिता, आणि लोक नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचे. नाव नसलेलं चित्र मिळालं तर ते या काळातलं असायची शक्यता लक्षात ठेवा. पुढे १८५० च्या दशकात तारखेचा शिक्का येतो, त्यात वर्षाचा प्राणी, म्हणजे उंदीर, बैल, वाघ वगैरे, आणि महिना. तो वाचता आला तर नाटक कोणतं, कुठे लागलं होतं इथपर्यंत पोचता येतं.

पाचवी पायरी : आता चेहरा, आणि इथे थांबा

सुरुवातीच्या तोरी या चित्रकार घराण्याच्या चित्रांत चेहरे सगळे सारखेच, नाव आणि चिन्ह नसेल तर कोण ते कळत नाही. १७६० नंतर कात्सुकावा शुन्शोने नट ओळखू येईल असे चेहरे काढायला सुरुवात केली, उभ्या अरुंद कागदावर, साधारण ३३ बाय १५ सेंटीमीटर. आणि मग १७९४ च्या उन्हाळ्यात शाराकू येतो. जेमतेम दहा महिने, एकशे चाळीसहून जास्त चित्रं, आणि नंतर गायब. त्याच्या पहिल्या २८ चित्रांत मागे काळसर अभ्रक वापरलंय, प्रकाशात कागद तिरका धरला की चमकतं, प्रकाशक त्सुताया जुझाबुरो.

इतर चित्रकार ओन्नागाताला कोवळी सुंदर मुलगी करून टाकायचे, शाराकूने केलं नाही. जबडा जबड्यासारखा, नाक नाकासारखं. नाकायामा तोमिसाबुरो नावाचा ओन्नागाता अंग इतकं लवचिक वळवायचा की लोक त्याला 'गुन्या तोमी' म्हणायचे, म्हणजे लुसलुशीत तोमी, शाराकूच्या चित्रात तो बारीक डोळ्यांनी आणि इवल्या तोंडाने अगदी तसाच बसलाय. सेगावा तोमिसाबुरो दुसरा, त्याचा चेहरा जरा कडक, त्याला लोक 'नावडता तोमी' म्हणायचे, तोही लपवला नाही. ओता नान्पो या त्या काळच्या लेखकाच्या नोंदीचा सूर असा आहे की हा माणूस खरं खरं काढायला गेला म्हणूनच फार टिकला नाही. त्याच वेळी पहिला तोयोकुनी तेच नट उभे, देखणे, पूर्ण अंगाचे काढत होता आणि लोकांना ते आवडत होते. दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला अभ्यास आहे.

माझ्या पोस्टकार्डवरची शिगेनोई घ्या. ती एका छोट्या राजकन्येची दाई आहे. राजकन्येला लग्नासाठी एदोला न्यायचंय आणि ती हट्ट धरून बसलीये, जायचं नाही. तिचं मन रमवायला घोडे हाकणाऱ्या एका पोराला आत बोलावतात, सांकिची त्याचं नाव, तो फाशांचा खेळ घेऊन येतो, राजकन्या खुश होते. मग शिगेनोईला कळतं की हा तिचाच मुलगा, जो तिला सोडावा लागला होता. ओळख पटते ताईत ठेवायच्या छोट्या पिशवीवरून. आणि ती त्याला जवळ घेऊ शकत नाही, कारण दाईचा मुलगा घोडेवाला आहे हे बाहेर पडलं तर राजकन्येच्या नावाला धक्का. पोराला रडत रडत घोडेवाल्याचं गाणं म्हणायला लावतात. आता हे माहीत झाल्यावर तो गोल चेहरा परत बघा. हानशिरो चौथा त्याच्या गोल चेहऱ्यामुळेच ओळखला जायचा, आणि शाराकूने ती गोलाई, ती हनुवटीची वळी तशीच ठेवली, पण डोळे आणि मिटलेले ओठ यांच्यात ती आई आहे. मला दोन वर्षं जे 'काहीतरी दाबून ठेवलंय' असं वाटत होतं ते हे होतं, गोष्ट माहीत नसताना.

म्हणून सांगते, चित्र आवडलं की त्या नाटकाची गोष्ट शोधाच. सुरुवातीला तीन-चार पुरेत. दोजोजीची नाचणारी मुलगी, जी शेवटी मंदिराच्या घंटेवर चढते, हे नृत्यनाट्य १७५३ मध्ये पहिल्या नाकामुरा तोमिजुरोने एदोत गाजवलं. बर्फात छत्री घेऊन उभी पांढऱ्या कपड्यातली बगळा-कन्या, ती दुसऱ्या किकुनोजोची, १७६२. वर सांगितलेली ओशिची. आणि बेनतेन कोझो, जो मुलीच्या वेशात दुकानात शिरणारा चोर आहे आणि पकडल्यावर बाही खाली करून अंगावरचं गोंदण दाखवतो, हे नाटक १८६२ चं, आणि ते कुनिसादाच्या एका चित्रावरून सुचलं असं सांगतात.

नंतरच्या काळातलंही बघा. कुनिचिका या चित्रकाराच्या चित्रांत तिसरा सावामुरा तानोसुके हा ओन्नागाता भेटतो, विशीतच पायाला गँगरीन झाला, १८६७ मध्ये योकोहामात हेपबर्न या अमेरिकन डॉक्टरने पाय कापला आणि हा माणूस कृत्रिम पाय लावून परत बायकांच्या भूमिका करायला उभा राहिला. हे वाचल्यावर त्याची चित्रं मी वेगळ्या नजरेने बघते. विसाव्या शतकात नातोरी शुन्सेन आहे, १९२५ पासून वातानाबे या प्रकाशकाने त्याच्या नटांच्या चेहऱ्यांची मालिका काढली, मऊ आणि फार देखणी. आणि त्सुरुया कोकेई, १९७८ ते २००० मध्ये काबुकी-झा नाटकगृहासाठी, अगदी पातळ कागदावर, त्यातला तामासाबुरो हा ओन्नागाता नक्की बघा.

कुठे बघायचं

घरबसल्या. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाकडे पन्नास हजारांच्या आसपास जपानी प्रिंट्स आहेत आणि ऑनलाइन दिसतात. त्यातला स्पॉल्डिंग बंधूंचा संग्रह १९२१ मध्ये या अटीवर दिला गेला की कधीही भिंतीवर लावायचा नाही. त्यामुळे ते रंग उजेड न लागता ताजे राहिलेत, जांभळा जांभळाच आहे. तिथे प्रत्यक्ष जाऊनही ते लटकलेले दिसणार नाहीत, स्क्रीनवरच बघायचे. नाटकाच्या बाजूने शोधायचं तर टोकियोच्या वासेदा विद्यापीठाचं नाट्यसंग्रहालय, १९२८ पासूनचं, त्यांच्याकडे चाळीस हजारांहून जास्त प्रिंट्स. आणि उकियो-ए डॉट ऑर्गवर फोटो टाकला की जगभरच्या संग्रहांतली तीच चित्रं शोधून देतं, तुमच्याकडे एखादं अनोळखी चित्र असेल तर आधी तिथे टाका.

विकत घ्यायची असेल तर

आधी भिंग घ्या. शंभर-दोनशे रुपयांचं चालेल. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातलं ऑफसेट आहे, लाकडी ठशाचं नाही. ठशाचं असेल तर रंग कागदात मुरलेला असतो, मागच्या बाजूला उतरलेला दिसतो, आणि घासणीच्या गोल खुणाही कधीकधी दिसतात. कागद उजेडासमोर धरा, तुतीच्या जातीच्या झाडाचे लांब धागे दिसायला हवेत.

पण ठशाचं म्हणजे जुनं असं नाही, हे मी पैसे घालवून शिकले. एका विक्रेत्याने मला 'जुनी शाराकू' म्हणून दिलेली प्रिंट विसाव्या शतकात नव्याने कोरलेल्या ठोकळ्यांची निघाली. शाराकूची खरी प्रिंट आपल्या बजेटमध्ये कधीच येत नाही, कोणी स्वस्तात देत असेल तर समजून जा. नव्याने कोरलेली प्रिंट मात्र वाईट नसते, उलट रंग मुळात कसे होते हे कळायला ती उत्तमच, टोकियोची आदाची संस्था हे काम फार निगुतीने करते. फक्त ती नवीन आहे हे सांगून, त्या भावात घ्या. खरंच जुनं हवं असेल तर कुनिसादा आणि कुनिचिकापासून सुरुवात करा, ते भरपूर छापले गेले म्हणून अजून परवडतात. कडा कापल्यात का, किड्याची भोकं आहेत का, मागे दुसरा कागद चिकटवलाय का, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

घरी आणल्यावर

लॅमिनेशन अजिबात करू नका, सेलोटेप लावू नका, कोपऱ्याला फेव्हिकॉल नको. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा की आम्लमुक्त माउंट पाहिजे आणि चित्र काचेला चिकटता कामा नये. उन्हाच्या भिंतीवर, ट्यूबलाइटखाली नको. आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा आहे, जून ते सप्टेंबर मी फ्रेम्स बाहेरच्या भिंतीवरून काढून सपाट ठेवते, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि दर पंधरवड्याला उघडून बघते, कारण बुरशी आणि कसर दोन्ही गुपचूप येतात. करडईचा लाल असलेली चित्रं वर्षातून दोन-तीन महिनेच भिंतीवर, बाकी वेळ अंधारात.

आणि पैसे खर्च करायच्या आधी एक संध्याकाळ हे करा. शाराकूची शिगेनोई शोधा, वेगवेगळ्या संग्रहालयांतल्या तीन प्रती शेजारी शेजारी उघडा. एकाच चित्राच्या असूनही रंग वेगळे, अभ्रक कुठे घासलं गेलंय, कुठे टिकलंय. मग शुन्शोने काढलेला हाच हानशिरो चौथा शोधून त्यांच्याशेजारी लावा, आणि दोन चित्रकारांनी काढलेला एकच गोल चेहरा ओळखू येतो का बघा.